जोडबिंदू

चांदवड परिसरातील जात्यावरच्या ओव्यांवर संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीने रेणुकादेवीला उद्देशून गायिल्या जाणाऱ्या एका ओवीचे अकरा पाठ जमवले होते. त्यांचे परस्परसंबंध दाखवणारी आकृती प्रबंधासाठी हवी होती. आकृत्या काढण्याच्या संगणकीय साधनांत चौकोन, वर्तुळे मुबलक असतात. ‘मौखिक पाठ’ असा आकार नसतो. तो आपणच घडवावा लागतो. काम यांत्रिक आहे, अशा समजुतीने मी ते अंगावर घेतले.

ड्रॉ.आयओ या साधनात नवा आकार एक्सएमएलमध्ये लिहिता येतो. 1998 साली प्रमाणित झालेली ही पद्धती स्वतः कोरीच असते. खुणा एकीत एक कशा बसवाव्यात एवढे ती सांगते. कोणत्या खुणा असाव्यात, हे ज्याचे त्याने ठरवायचे. या साधनाने रुंदी-उंची, जोडबिंदू आणि रेखाटन यांसाठी आपल्या खुणा ठरवल्या आहेत. जोडबिंदू म्हणजे दुसऱ्या आकाराकडून आलेली रेषा जेथे चिकटते ती जागा. ती शून्य ते एक या प्रमाणात सांगतात. आकार लहानमोठा झाला तरी तिचे सापेक्ष स्थान टिकते. मी दोन बिंदू दिले: वरच्या कडेच्या मध्यावर (0.5, 0) आणि खालच्या कडेच्या मध्यावर (0.5, 1). वरून पाठ येणार, खालून पुढे जाणार.

आकृती सुबक झाली. पण एका गायिकेच्या ओवीचा पूर्वार्ध माहेरचा होता आणि उत्तरार्ध सासूकडून आलेला. दोन्ही रेषा एकाच बिंदूत शिरल्या आणि पुढे कोणती कोठली, हे कळेनासे झाले. माझ्या ध्यानात आले, की हा आकार मी ओवीवरून घेतलाच नव्हता. हस्तलिखितांच्या वंशवृक्षावरून घेतला होता. वास्तविक महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना वि. स. सुखटणकरांनी 1933 च्या प्रस्तावनेत पोथ्यांतील पाठांच्या सरमिसळीमुळे वंशवृक्षाच्या पद्धतीला पडणाऱ्या मर्यादा स्पष्ट केल्या होत्या. ही प्रस्तावना मी वर्गात शिकवतो. तरीही लिहिताना हात वृक्षाकडेच वळला.

मग वरच्या कडेवर दोन बिंदू केले, (0.25, 0) आणि (0.75, 0), आणि त्यांना ‘माहेर’, ‘सासर’ अशी नावे दिली. ही नावे चित्रात दिसत नाहीत, व्याख्येत राहतात. ही दुरुस्ती घेऊन आम्ही पुन्हा त्या गायिकेकडे गेलो. तिने शांतपणे सांगितले, की एक कडवे शेजारणीचे आहे. “जात्याला समोर बसलेली बाई शिकवते, तिला काय नातं लागतं?”

शेवटी उजव्या कडेवर (1, 0.5) आणखी एक बिंदू आला: ‘सोबतीण’. यानंतरही काही सुटलेले असणारच. आपण समीक्षेत आकृतिबंधाविषयी बोलतो, तेव्हा तो आशयातून उमलतो असे गृहीत धरतो. येथे आकाराने कोणते नाते स्वीकारावे, हे पहिली रेषा ओढण्यापूर्वीच ठरून गेले होते, आणि ते ठरवणारा मी, त्या गावात एकदाही जात्यापाशी न बसलेला माणूस होतो.

म्हणून प्रबंधाच्या परिशिष्टात आकृतीबरोबर आकाराची एक्सएमएल व्याख्याही छापावी, असे मी सुचवले. जेमतेम वीस ओळी आहेत. चित्राशी वाद घालणे अवघड असते. या ओळींशी घालता येईल.