पहिल्या निरोपाची अक्षरे

घरी स्थळ आले म्हणजे ज्यांचे लग्न व्हायचे त्या दोघांनी बोलावे असे पूर्वी फारसे काही उरतच नसे. मध्यस्थ बोलत, मामा बोलत, आत्या बोलत. मुलगी चहाचा ट्रे ठेवून आतल्या दाराशी उभी राही आणि मुलाच्या तोंडून 'हो' आणि 'नाही' याखेरीज तिसरा शब्द क्वचितच ऐकू येई. तरीही त्या अर्ध्या तासात पुष्कळ काही कळून जाई. मुलाने कप कसा हातात घेतला, कोपऱ्यात बसलेल्या आजीची विचारपूस केली की नाही, हे सारे डोळे पाहून ठेवीत आणि रात्री घरात त्यावर चर्चा होई. आज ही रीत मागे पडली आहे. बायोडाटा फोनवर येतो, दोन्ही घरांची प्राथमिक पसंती कळते आणि 'आता तुम्ही दोघे बोला' असे म्हणून आईवडील बाजूला होतात. हे योग्यच आहे. विवाह हा त्या दोघांचा संस्कार; त्यातील होकारही त्यांचाच असला पाहिजे. मात्र या 'बोला'चा अर्थ प्रत्यक्षात 'लिहा' असा होतो. पूर्वी चालण्याबोलण्यातून जी ओळख पटे, ती आता अंगठ्याने टिपलेल्या चारपाच ओळींतून पटवून घ्यावी लागते.

विवाहपूर्व मार्गदर्शनासाठी येणाऱ्या तरुणांकडून गेल्या काही वर्षांत एक तक्रार वारंवार कानी येते. 'फादर, मी एवढे सविस्तर लिहिले आणि त्याने नुसते के पाठवले.' 'ओके' हा मुळातच दोन अक्षरांचा शब्द; त्यातलेही एक अक्षर वाचवून उरलेले पाठवायचे! 'हाऊ आर यू' या तीन शब्दांतून 'एच-आर-यू' एवढेच शिल्लक राहते. आपल्या मराठीचीही सुटका नाही. 'जे' हे इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे १ हा आकडा टिपला की झाले 'जेवण', कारण एकाला इंग्रजीत 'वन' म्हणतात. मित्रामित्रांत हा खेळ गमतीचा आहे. परंतु ज्या व्यक्तीबरोबर आयुष्य काढायचे की नाही हे ठरवायचे आहे, तिला पाठवलेल्या पहिल्या निरोपात तो आला, तर समोरच्याच्या मनात काय उमटते?

या प्रश्नाचा शास्त्रीय पद्धतीने शोध घेतला गेला आहे. स्टॅनफर्ड आणि टोरांटो या विद्यापीठांतील डेव्हिड फँग, यिरान झांग आणि सॅम मॅग्लिओ या संशोधकांनी एकूण ५,३००हून अधिक व्यक्तींचा समावेश असलेले आठ अभ्यास केले आणि त्यांचे निष्कर्ष २०२४ साली अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जोडीदार शोधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टिंडर या ॲपवरील ३७ देशांतील संभाषणेही त्यांनी तपासली. सर्वांतून एकच गोष्ट निघाली. संक्षिप्त शब्द वापरणारी व्यक्ती वाचणाऱ्याला कमी प्रामाणिक वाटते आणि तिला उत्तर देण्याची इच्छा कमी होते. कारणही त्यांनी सांगितले आहे. या माणसाने आपल्यासाठी पुरेसे कष्ट घेतले नाहीत, असे वाचणाऱ्याला वाटते. तरुणांना हे चालत असेल, असा आपला समज असतो. परंतु तरुण वाचकांनाही ते तितकेच खटकते असे आढळले. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना मात्र आपल्या अशा लिहिण्याने काही बिघडते याची कल्पनाच नव्हती.

एवढ्यावरून संक्षेपालाच दोषी ठरवून मोकळे व्हावे काय? तसे करण्यापूर्वी आपण आपल्याच घरातील जुनी पत्रे काढून पाहावीत. 'सा. न. वि. वि.' या चार अक्षरांत 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असा अख्खा नमस्कार घडी घालून ठेवलेला असे. वडिलांच्या नावामागे 'ती.', मुलाच्या नावामागे 'चि.', आणि लग्नपत्रिकेत वधूच्या नावामागे आजही 'चि. सौ. कां.' छापले जाते. त्यामुळे वडिलांचा मान कमी झाला असे कोणाला वाटले नाही. ख्रिस्तसभेची परंपरा तर याबाबतीत आणखी जुनी आहे. नव्या कराराच्या प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत देव, प्रभू, येशू आणि ख्रिस्त हे शब्द बहुधा पूर्ण लिहिलेले नसतात. त्यांची मोजकी अक्षरे लिहून वर एक आडवी रेघ ओढलेली असते. चर्मपत्राची जागा वाचवणे हा त्यामागचा हेतू नसून त्या नावांविषयीचा आदर हा होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. वेदीवर आणि धर्मगुरूंच्या मिस्सावस्त्रांवर आपण जी 'आय-एच-एस' ही अक्षरे पाहतो, ती येशूच्या ग्रीक नावाचीच अक्षरे आहेत. ख्रिस्तजन्मानंतरच्या पहिल्या शतकांतील भाविकांनी प्रभूचे नाव संक्षेपाने लिहिले आणि त्या नावासाठी प्राण दिले. तेव्हा संक्षेप म्हणजे अनास्था, असे समीकरण मांडता येत नाही.

फरक आहे तो दुसऱ्याच ठिकाणी. 'सा. न. वि. वि.' वाचणाऱ्याला त्या अक्षरांमागचा नमस्कार आधीच ठाऊक असे. शतकानुशतकांच्या वापराने तो दोघांच्या सामाईक मालकीचा झालेला असे. हस्तलिखितातील रेघ ओढणारा लेखक आणि ती वाचणारा भाविक एकाच श्रद्धेत उभे होते. जेथे नाते आधीपासून आहे, तेथे संक्षेप त्या नात्याची खूण ठरतो. वीस वर्षे संसार केलेल्या नवऱ्याने बायकोला 'निघालो' एवढाच निरोप पाठवला, तर त्यात ती पुष्कळ काही वाचते. जेथे नाते अद्याप जन्मालाच आलेले नाही, तेथे मात्र अक्षरांमागे काही साठवलेले नसते. तेथे वाचणाऱ्याला फक्त गाळलेली अक्षरे दिसतात.

एके काळी या काटकसरीला व्यावहारिक कारण होते. तारेत प्रत्येक शब्दाचे पैसे पडत. शुभेच्छांची ठरीव वाक्ये तर क्रमांकाने पाठवता येत. आपल्या देशातील ती तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. मोबाईलवरचा जगातील पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या २२ वर्षांच्या अभियंत्याने पाठवला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या आणि त्या पूर्ण शब्दांत होत्या, हे आपण आवर्जून लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे अशा एका संदेशाची मर्यादा रोमन लिपीत १६० अक्षरांची राहिली, देवनागरीत ती अवघ्या ७० अक्षरांवर आली. आपली मुले मराठी भाषा रोमन लिपीत आणि तीही मोडून लिहू लागली, याचे हेही एक कारण आहे. आज व्हॉट्सॲपवर प्रत्येक संदेशामागे ना पैसे पडतात ना शब्द मोजावे लागतात. आता वाचते ते फक्त लिहिणाऱ्याचे श्रम आणि त्याचे काही क्षण. ते क्षण माझ्यासाठी खर्च करणे त्याला जड का झाले, असा प्रश्न पलीकडच्या मनात उभा राहिला, तर त्यात नवल नाही.

पवित्र शास्त्रात वधूच्या निवडीची एक हृद्य कथा आहे. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात आब्राहामचा सेवक इसहाकासाठी वधू शोधायला निघतो आणि दहा उंट घेऊन परक्या गावाच्या विहिरीपाशी येऊन थांबतो. पाणी भरायला आलेल्या रिबकेजवळ तो केवळ स्वतःपुरते घोटभर पाणी मागतो. ती त्याला पाणी देते आणि न मागता त्याच्या उंटांनाही पोटभर पाजते. तहानलेला उंट एका वेळी १०० लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो. दहा उंटांसाठी त्या मुलीने घागर घेऊन किती खेपा केल्या असतील, याचा हिशेब शेतात पाणी शेंदलेल्या आपल्या आजीपणजींना चटकन कळला असता. सेवकाने तिचे रूप पाहिले, तिचे घराणेही विचारले. पण निवडीची खूण म्हणून त्याने देवाजवळ मागितले होते ते हे न मागता केलेले कष्ट. संशोधकांना हजारो लोकांच्या अभ्यासातून जे आढळले, ते त्या वृद्ध सेवकाला विहिरीच्या काठावर ठाऊक होते.

तथापि, या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती न सांगितल्यास एका तरुणावर अन्याय होईल. संबंधितांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून ती सांगतो. आमच्या वसई परिसरातील एक परिचारिका आणि आखातात नोकरी करणारा एक तरुण, असे स्थळ जुळत आले होते. तीन आठवडे दोघांचे निरोप चालले. ती रात्रपाळी संपवून दमलेल्या बोटांनी दहादहा ओळी लिही. त्याच्याकडून दोन अक्षरे येत, कधी एक. शेवटी तिने नकार कळवला. सुट्टीवर आल्यानंतर तो तरुण माझ्याकडे येऊन बसला. घरी बोलीभाषा, शाळेत इंग्रजी माध्यम, कामावर मोडकीतोडकी हिंदी. देवनागरी टिपण्याची सवय नाही आणि इंग्रजीचे स्पेलिंग चुकेल ही धास्ती. 'फादर, अर्धा शब्द लिहिला की चूक कोणाला दिसत नाही,' तो म्हणाला. हाच तरुण आमच्या बोलीत बोलू लागला, तेव्हा आजोबांच्या केळीच्या बागेविषयी, आईच्या आजारपणाविषयी तासभर बोलत राहिला. त्याचे ते बोलणे त्या मुलीच्या कानांपर्यंत कधीच पोहोचले नाही. तिने नकार दिला यात तिची चूक नव्हती. तिच्यासमोर जे आले होते त्यावरूनच तिला ठरवायचे होते. पुढे तिचे लग्न दुसरीकडे झाले आणि ती सुखात आहे. मला सलते ते एवढेच, की त्या दोघांची भेट कधी झालीच नाही. भेटली ती त्याची भीती आणि तिचा थकवा.

आता तर या गोष्टीला आणखी एक वळण मिळाले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की ती क्षणार्धात सुंदर, शुद्ध आणि लांबलचक प्रेमपत्र लिहून देते. म्हणजे पूर्ण वाक्ये हासुद्धा कष्टांचा पुरावा राहिला नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी येशूच्या पवित्र हृदयावरील आपल्या ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रकात एक घरगुती उदाहरण दिले आहे. लहानपणी आई किंवा आजीबरोबर करंजीसारख्या पदार्थाच्या कडा काट्याने दाबून बंद करतानाची जी आठवण माणसाच्या हृदयात राहते, ती कोणत्याही यंत्राच्या गणितात मावणार नाही, असा त्यांचा आशय आहे. यंत्राने लिहिलेल्या वीस निर्दोष ओळींपेक्षा त्या तरुणाने चुकत-माकत लिहिलेली केळीच्या बागेची एक ओळ त्या मुलीला अधिक काही सांगून गेली असती.

याच पोपमहोदयांनी कुटुंबजीवनासाठी तीन शब्द पुनःपुन्हा सांगितले. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी सेंट पीटर चौकात जमलेल्या वाग्दत्त जोडप्यांनाही सांगितले आणि २०१६च्या 'अमोरिस लेतित्सिया' या कुटुंबविषयक बोधपत्रातही लिहिले. परवानगी मागणारा शब्द, आभार मानणारा शब्द आणि क्षमा मागणारा शब्द, असे ते तीन शब्द होत. आजच्या निरोपांत सर्वांत अधिक काटछाट नेमकी याच तीन शब्दांची होते, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा मी काहीसा थबकलो. 'प्लीज', 'थँक्स' आणि 'सॉरी' यांतील स्वर गळून गेले आहेत, केवळ व्यंजने उरली आहेत. लग्न ठरण्यापूर्वी ज्याने क्षमेचा शब्द कधी पूर्ण लिहिला नाही, त्याला तो लग्नानंतर पूर्ण उच्चारणे अवघड जाईल, अशी मला काळजी वाटते.

म्हणून आपल्या धर्मग्रामांतील तरुणतरुणींना माझी विनंती आहे. पहिले काही निरोप पूर्ण शब्दांत लिहावेत. शुद्धलेखन चुकले तर चुकू द्यावे. लिहिता येत नसेल तर फोन करावा, आपल्या बोलीत बोलावे. ज्यांना तुटक निरोप आला आहे, त्यांनीही एक पाऊल थांबावे आणि नकार देण्यापूर्वी एकदा त्या व्यक्तीचा आवाज ऐकावा. आईवडिलांनी मुलांच्या फोनमध्ये डोकावू नये. मात्र दोघांना घरी, उजेडात, चहाच्या कपासमोर समोरासमोर बसवण्याची जुनी रीत पूर्णपणे मोडीत काढू नये.

थोडक्यात लिहूच नये, असे मी म्हणत नाही. वाचाळ प्रार्थना टाळण्याची शिकवण प्रभूनेच आपल्याला दिली. पुनरुत्थानाच्या पहाटे रिकाम्या कबरीजवळ रडत उभ्या असलेल्या मरिया माग्दालेनेने येशूला पाहिले आणि तिला तो माळी वाटला. तिची ती पहिली समजूत साफ चुकीची होती. ती दूर करण्यासाठी प्रभूने प्रवचन केले नाही, पुरावे दिले नाहीत. तो एकच शब्द बोलला, असे संत योहान सांगतो. तो शब्द म्हणजे तिचे नाव होते, आणि ते त्याने पूर्ण उच्चारले.