जवारी न लागण्याचे दिवस

तंबोरा बनवताना मन ठिकाणावर नसलं तरी बरीच कामं निभून जातात. भोपळा भिजत घालता येतो, आतल्या बिया आणि वाळका गर खरवडता येतो, तुणीच्या लाकडाची दांडी तासता येते, खुंट्या घासून भोकात बसवता येतात. हात सवयीनं चालत राहतात. घोडी घासून तंबोऱ्याचा आवाज खुलवायचा, त्या जवारीचं तसं नाही. हाडाच्या घोडीवर तार जिथे टेकते तिथला उतार कानशीनं इतका थोडा घासायचा असतो की डोळ्याला फरक दिसतच नाही, तो कानाला कळतो. घासायचं, पुसायचं, घोडी जागेवर ठेवायची, तार चढवून सुरात आणायची, तारेखाली सुताचा दोरा हळूहळू सरकवायचा आणि ऐकायचं. नाही जमलं की तार पुन्हा सैल. असं किती वेळा, ते घोडी ठरवते. घासलेलं हाड परत भरता येत नाही. थोडं जास्त गेलं, की सगळा माथाच उतरवून पहिल्यापासून सुरुवात.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला, त्यात या घोडीचा विचार आहे. तार ज्या जागी छेडावी त्या जागी ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर उमटू नये, असा तारांचा जुना नियम. तंबोऱ्यात मात्र तो खुशाल ऐकू येतो, कारण तार टोकदार धारेवर न टेकता रुंद, किंचित बाकदार पृष्ठभागाला घासत कंप पावते. म्हणजे आम्ही मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या विकतो ते लाकूड-भोपळा नव्हे, हे जादाचे स्वर. खर्ज छेडला की त्यातून गंधार आपोआप डोकावतो, तो.

आणि काही दिवस असे येतात की तो गंधार निघतोय की नाही, हे ऐकायची इच्छाच होत नाही. कान शाबूत असतात. चारही तारा जुळल्यात हे कळतं. पण पुढे जायला मन तयार नसतं. दोरा अर्धा सूत पुढे सरकवला काय, मागे घेतला काय, दोन्ही सारखंच वाटतं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असेल तर माणूस मान डोलावतो, ‘आता खुलली’ म्हणतो. तो प्रसंग टाळणं हीच या धंद्यातली खरी अक्कल.

माझ्या थोरल्या चुलत्यांना ती होती. मी कानस हातात घेऊन बसलेला असताना ते पलीकडून नुसता आवाज ऐकून सांगायचे, “कान जाग्यावर न्हाईत तुझं आज. घोडी ठेव खाली. भोपळं घासायला घे.” त्यात राग नसायचा आणि कौतुकही नसायचं. पाऊस पडतोय, तर पॉलिश उद्या, इतक्याच सहजपणे ते बोलायचे. पावसाळ्यात लाखेचं पॉलिश खरोखरच रुसतं. हवेतली ओल धरून त्यावर पांढुरकी साय येते, कितीही निगुतीनं बोळा फिरवा. त्या दिवसांत कुणी स्वतःला आळशी म्हणवून घेत नाही. कामाची पाळी बदलतो.

आता कारखान्यात मी बहुतेक वेळ एकटाच असतो, आणि एकट्याची अडचण ही की असं सांगणारं कुणी उरत नाही. उलट स्वतःशी बोलताना आपण जी भाषा वापरतो ती शिकाऊ पोराशीही वापरणार नाही. ‘बाप-आजानं याच्यावर संसार केले, आणि तुला एक घोडी होईना?’ हे ऐकून कुणाची जवारी लागली असेल असं मला वाटत नाही. मोबाईलवर पहाटे उठायला लावणारे मोटिव्हेशनचे व्हिडिओ येतात, तेही त्याच जातीचे, फक्त पाठीमागे संगीत असतं. (तेही बेसूर.) म्हणून चुलत्यांचं काम मीच अंगावर घेतलंय. सकाळी दुकान उघडायचं, त्यात सवलत नाही. पण पहिली तार छेडून पाहायची आणि कान नसेल तर घोडी डब्यात बंद. मंगळवेढा-पंढरपूरकडून आलेले भोपळे एका कोपऱ्यात रचलेले असतातच. त्यांतला कुठला गळ्याला जाड आहे, कुठला एका अंगाला बसका आहे, हे निवडण्यात दुपार जाते. अशा दुपारसाठी थोडी कामं मी मुद्दाम मागे ठेवतो. अंगात हुरूप असताना खुंट्या घासून संपवणं हा अपव्यय आहे.

अर्थात हे चार-आठ दिवसांच्या मरगळीचं झालं. झोप उडाली, जेवण जाईना, माणसं नकोशी झाली आणि हे लांबतच गेलं, तर तिथे भोपळे घासून भागत नाही, डॉक्टर गाठावा. २०२० साली मैफली बंद झाल्या, ऑर्डरी थांबल्या, तेव्हा आमच्या गल्लीतही ते ज्यांनी वेळेवर केलं ते सावरले.

अशा वेळी लोक कुमार गंधर्वांचं उदाहरण देतात. क्षयानं आजारी पडून ते १९४८ मध्ये देवासला गेले, गाण्याला डॉक्टरांची मनाई, काही वर्षं अंथरुणावर. आणि माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली, त्यातून पुढे त्यांचं नवं गाणं उभं राहिलं. खरं आहे, आणि थोर आहे. पण गोष्ट सांगणारे शेवटापासून मागे येतात. खाटेवर पडलेल्या त्या तरुणाला पुढचं काही ठाऊक नव्हतं. तो ऐकत होता, कारण तेवढंच करता येत होतं. त्या विश्रांतीतून काही निघालंच पाहिजे असा हिशेब मांडला, तर ती विश्रांती राहत नाही, दुसरी सक्ती होते. माझ्या मरगळीच्या दिवसांतून आजवर नवं काही निघालेलं नाही. भोपळे मात्र साफ झाले.

एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. गाणाऱ्यांचे असे दिवस आमच्या दुकानात जवारीची तक्रार होऊन येतात. ‘तंबोरा बोलत नाही.’ ‘मागच्या वेळची मजा गेली.’ आणि तारा छेडून पाहाव्यात, तर वाद्य ठणठणीत. नवशिका कारागीर लगेच कानस काढतो आणि चांगली जवारी घालवून बसतो. परवा एक गायिका आल्या, शिकवणाऱ्या, चांगल्या तयारीच्या. गवसणी काढता काढताच म्हणाल्या, “बंद झालाय अगदी. रियाजाला बसवतच नाही हो.” मी खर्जाची पितळी तार लावली. गंधार स्वच्छ. दोरा जुना झाला होता, तेवढा बदलला. त्यांना विचारलं, शेवटचं नुसतं छेडत कधी बसला होता, न गाता? त्या हसल्या. म्हणाल्या, “न गाता तंबोरा घेतला तर मुलं म्हणतील, बाईंना झालंय काय.” मग बराच वेळ दुकानातच बसून छेडत राहिल्या. मी खुंट्या घासत होतो. एकदाच थांबून म्हणाल्या, “हा निषाद आधी होता का?” मी म्हणालो, होता.

जाताना वाद्य इथेच ठेवून गेल्या. म्हणाल्या, थोडे दिवस राहू दे. घरी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहे, वर्ग त्यावर चालतील. दुरुस्तीचे पैसे विचारले, तर दोऱ्याचे काय घेणार! अजून न्यायला आलेल्या नाहीत, मीही फोन केलेला नाही. जागा अडते, हे खरं. गणपतीच्या आधी दुरुस्त्यांची गर्दी होते, तेव्हा बघू कुठे सरकवायचा ते.