गुरुशिखरावरचा पांढरा घुमट

माउंट अबूला गेलात तर नक्की तलावात नावेतून एक फेरी मारून परत फिरू नका बरं! तिथून सुमारे १५ किलोमीटरवर गुरुशिखर आहे. अरवली पर्वताचं हे सर्वांत उंच शिखर, १,७२२ मीटर. वर दत्तात्रेयांचं मंदिर आहे, म्हणून आपल्याकडची दत्तभक्त मंडळी इथे आवर्जून येतात. दिवाळीच्या सुटीत आम्हीही गेलो. पायऱ्या चढताना दम लागला, पण वरच्या गार वाऱ्याने सगळा शीण पळाला. घंटा वाजवून वळलो, तो समोर पांढरा घुमट!

"आई, ते पण देऊळच का गं?" लेकीने विचारलं.

नाही, ती वेधशाळा. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीची. दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह इथे शोधतात. पण ताऱ्याच्या झगझगाटात इवलासा ग्रह दिसणार कसा? गंमत इथेच आहे. बाबा लहानग्याचे हात धरून त्याला गरगर फिरवतात, तेव्हा बाबाही थोडे डुलतात ना? तसाच ग्रहाच्या ओढीने तारा डुलतो. आपल्याकडे सरकला की त्याचा प्रकाश किंचित निळसर होतो, दूर गेला की किंचित लालसर. हा बारीकसा फरक मोजणारं यंत्र इथे आहे. नाव 'पारस'!

याच पद्धतीने १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला. २०१९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आणि २०१८ साली 'पारस'च्या मदतीने आपल्या शास्त्रज्ञांनी ६०० प्रकाशवर्षं दूरच्या एका ग्रहाचा पत्ता लावला. म्हणजे त्या ताऱ्याचा जो प्रकाश इथे टिपला, तो शिवरायांच्या जन्माआधी सुमारे दोनशे वर्षं निघालेला! हा ग्रह पृथ्वीच्या सहापट रुंद. त्याचं वर्ष अवघ्या साडेएकोणीस दिवसांचं. पण तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअस.

"म्हणजे तिथे कोणीच नाही? मग एवढं शोधून उपयोग काय?" लेक हिरमुसली.

प्रश्न मलाही टोचला. पण असं बघा, मोठे आणि ताऱ्याजवळचे ग्रह जोरात ओढतात, म्हणून ते आधी सापडतात. जिथे पाणी वाहतं राहील असा, पृथ्वीएवढा ग्रह शोधणं फार कठीण. आपली पृथ्वी सूर्याला हलवते ती सेकंदाला जेमतेम ९ सेंटिमीटर! एवढी हालचाल दुरून टिपायची तर आधी सोप्या ग्रहांवर हात बसायला हवा. पाढे पाठ नसताना भागाकार येतो का? म्हणून तर अबूला आता २.५ मीटरची नवी दुर्बीण आणि 'पारस-२' आहे.

उतरताना लेक म्हणाली, "पाणीवाला ग्रह सापडला की मला सांगशील?"

मी म्हटलं, "कोण जाणे, कदाचित तूच मला सांगशील!"