२४,४०० कार्षापणं

कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवतच नाहीये, म्हणून सांगूनच टाकते: बावीसशे-तेवीसशे वर्षांपूर्वीच्या चांदीच्या नाण्यांचा ढीग समोर ठेवला, तर त्यातली कोणती नाणी बाजारात जास्त फिरली आणि कोणती कमी, हे सरासरी आणि प्रमाण विचलनावरून ताडता येतं! प्रमाण विचलन! तेच, जे मी अकरावीपासून कोष्टकं आखून, वर्गमूळ काढून, उत्तराखाली दोन रेघा मारून सोडवत आलेय. ते इतिहासाच्या तासाला भेटेल असं मला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं.

मी पुण्यात संख्याशास्त्रात बीएस्सी करतेय. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे पदवीला ओपन इलेक्टिव्ह आले, म्हणजे मेजर ज्या विद्याशाखेतला असेल तिच्या बाहेरचा विषय घ्यायचा. कॉमर्सच्या मुलांनी विज्ञानातला, विज्ञानाच्या मुलांनी मानव्यविद्यांतला किंवा कलेतला, असं. आमच्या यादीत नाणी आणि शिलालेखांचा एक दोन क्रेडिटचा कोर्स होता. तो मी घेतला आणि तेव्हापासून होस्टेलवर जी भेटेल तिला पकडून दामोदर धर्मानंद कोसंबींबद्दल सांगत सुटलेय.

कोसंबी गोव्यात जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेले, पक्के गणिती. त्यांच्यापुढे होती तक्षशिलेला सापडलेली आहत नाणी, म्हणजे चांदीचे तुकडे वजनाबरहुकूम कापून त्यांवर ठसे मारलेली. सूर्य, डोंगर, बैल, चक्र. ना राजाचं नाव, ना साल. मग त्यांची कालक्रमाने मांडणी करायची कशी? कोसंबींनी ती तोलली! नाणं हातोहात फिरतं तशी त्याची चांदी कणाकणाने झिजते. प्रत्येक नाण्याचं नशीब वेगळं, म्हणून प्रत्येकाची झीजही वेगळी. त्यामुळे जास्त फिरलेल्या गटाचं सरासरी वजन उतरतं आणि वजनांतला विखुरलेपणा वाढत जातो. पुढची गंमत ऐका. नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक बारीक ठसे असतात, एखाद्यावर एक, एखाद्यावर चांगले सात-आठ. कोसंबींनी या ठशांच्या संख्येनुसार गट पाडले, तर ठसे वाढतात तसं सरासरी वजन जवळजवळ सरळ रेषेत खाली येतं! म्हणजे हे शोभेचे ठसे नव्हेत. ठरावीक काळाने नाणं तपासून कुणीतरी मारलेल्या त्या खुणा असणार. आणि झिजेचा हा हिशेब खरा आहे ना, हे पडताळायला त्यांनी आपल्या काळातली चलनातली नाणीही एकेक करून तोलली.

कोर्सच्या मॅडमनी तो आलेख फळ्यावर काढला तेव्हा मी बाकावरून उठायचीच बाकी होते. रिग्रेशन लाइन मी शेकडो वेळा काढली असेल. पण तिच्या दुसऱ्या टोकाला तक्षशिलेचा बाजार असू शकतो?

हा माणूस घडला कसा, हे शोधलं तर आणखी आनंद झाला. हार्वर्डमध्ये जॉर्ज बर्कॉफसारखा थोर गणिती त्यांना सांगत होता की फक्त गणितावर लक्ष दे. कोसंबींनी ऐकलं नाही, नाना विषयांचे कोर्स घेतले आणि १९२९ मध्ये अत्युच्च श्रेणीत पदवी मिळवली. पुढे त्यांनीच भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती काढली आणि त्यांच्याच नावाचं सूत्र जनुकशास्त्रात आजही वापरतात.

आणि बाबासाहेब! १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, एमएचा प्रबंध लिहिला ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर आणि अर्थव्यवहारावर. पण अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा किती विभागांत ते जाऊन बसत होते! ‘भारतातील जाती’ हा त्यांचा निबंध मे १९१६ मध्ये वाचला गेला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. अर्थशास्त्राचा विद्यार्थी दुसऱ्या विभागात जाऊन बसला आणि जातीकडे बघण्याची एक नवी दृष्टी तिथे मांडली गेली. सगळ्या शाखांच्या मुलांनी एकत्र बसून वाचायचा सामायिक अभ्यासक्रम त्याच कोलंबियात १९१९ पासून सुरू झाला आणि अजून चालू आहे.

माझी रूममेट बीकॉमची. तिने खगोलशास्त्र घेतलं. मग आम्ही दोघींनी एका रविवारी जुन्नर तालुका गाठला, कारण तिचं खोडद आणि माझा नाणेघाट एकाच तालुक्यात! खोडदची ती महाकाय रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या १६ तीन भुजांवर लांबवर पसरलेल्या. वाटी भरीव नाहीच, पोलादी तारांची विरळ जाळी. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांची ही युक्ती: वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी, आणि लांब लहरींना जाळीची भोकं जाणवतही नाहीत. तिने हे सगळं मला रस्त्याच्या कडेला उभं राहून धाप लागेस्तोवर सांगितलं. मग विचारलं, आकाशातून येणारा संदेश गोंगाटापेक्षा कितीतरी क्षीण असतो, तरी तो सापडतो कसा गं? आणि हे तर माझं होतं! निरीक्षणं घेत राहायची, सरासरी काढत राहायची, गोंगाट निरीक्षणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात खाली बसत जातो. तिथल्या तिथे वहीवर काढून दाखवलं.

दुपारी नाणेघाट. कोकणातून वर येणारी जुनी व्यापारी वाट, खिंडीच्या तोंडाशी जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण, आणि कातळात कोरलेल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. यज्ञ आणि दक्षिणा यांची यादी. गाई ११,०००. कार्षापणं २४,४००. आकडे अक्षरांत नव्हेत, चिन्हांत! शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. चार हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेलाच चार जोडायचे. आणि कार्षापण म्हणजे कोसंबींनी तोललेल्या त्या आहत नाण्यांचंच नाव. मी भिंतीसमोर उभी राहून हिशेब केला. ती चांदीची आणि पूर्ण वजनाची धरली, एकाचे साधारण ३.४ ग्रॅम, तर ८३ किलो चांदी! आणि झिजलेली असतील तर?

मला यातून एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. बाहेरच्या विषयाचा कोर्स म्हणजे त्या विषयाची पातळ केलेली ओळख असू नये. व्याख्या, वैशिष्ट्ये, महत्त्व, संपलं, असं शिकवलं की मुलं ‘स्कोअरिंग आहे का’ एवढंच विचारणार. आमच्या मॅडमनी पहिल्या तासाला एक खराखुरा प्रश्न टाकला: ही नाणी कालक्रमाने लावा. आणि मग ज्याच्याकडे जे हत्यार आहे ते त्याला काढू दिलं. केमिस्ट्रीचा मुलगा चांदीतल्या तांब्याबद्दल बोलला, फाइन आर्ट्सहून आलेल्या मुलीने ठशांची चित्रं काढली तेव्हा एका ठशावर दुसरा चढलाय हे सगळ्यांना दिसलं. दोन क्रेडिट याला फार कमी आहेत. आणि वेळापत्रकात कोणता तास रिकामा आहे यावरून विषय ठरतो, हे तर फारच वाईट.

सध्या आमच्या गटाने कोसंबींचा प्रयोग पुन्हा करायला घेतलाय. पाच रुपयांची नाणी, पण एकाच धातूची, एकाच घडणीची. साल नाण्यावरच असतं. सालाखालची खूणही बघायची: चौकटीचा ठिपका म्हणजे मुंबईची टांकसाळ, चांदणी म्हणजे हैदराबाद. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतला मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू आम्हाला शनिवारी दुपारी मिळणार आहे. कँटीनचे काका रोजचा गल्ला द्यायला तयार आहेत. २०१५ पूर्वीची नाणी कमी पडतायत, कुणाच्या गल्ल्यात असतील तर आणून द्या. तोलून लगेच परत करू.