लिहून कोणी दिलं?

उर्दू शायरीत चोरीचाही बारकाईने विचार झालेला आहे. दुसऱ्याचा शेर आपला म्हणून खपवला तर तो सर्का. दोघांना एकमेकांच्या नकळत तोच मजमून सुचला तर तवारुद, तो गुन्हा नाही. दुसऱ्याची ओळ उघडपणे घेऊन तिला आपल्या ओळी जोडल्या तर तजमीन, तिला तर दाद मिळते. मराठीच्या तासाला 'वाङ्मयचौर्य' हा शब्द आला की मी मुलींना हे सांगते. गेल्या वर्षी वेळ माझ्यावरच आली.

नागपुरातल्या एका वाचनालयात सच्चर समितीवर बोलले. २००६ चा अहवाल, मग राज्यातली महमूदुर रहमान समिती, २०१४ चा पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश. भाषण संपल्यावर पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले, "मॅडम, मराठी छान आहे तुमची. लिहून कोणी दिलं?" मी हसून सोडून दिलं. बी.एड.पासून हा प्रश्न ऐकते आहे. पण मागून एक तरुण मोबाइल घेऊन उठला. माझ्या भाषणातला एक परिच्छेद त्याने एका मासिकातल्या लेखातून जसाच्या तसा वाचून दाखवला. लोक हसले. आरक्षणाचा विषय तिथेच संपला. सच्चरचे आकडे खरे की खोटे, कोणी विचारलंही नाही.

मोमिनपुऱ्यात घरी येऊन वही काढली. परिच्छेद खरंच त्या लेखातला होता. टिपणात उतरवताना खाली लेखकाचं नाव टाकलं नव्हतं, आणि महिन्याभराने तो मला माझाच वाटला.

"आपल्यालाच काहून पकडतात?" आमचे हे म्हणाले. "बाकीच्या वक्त्यांचं कोणी शोधतं का?"

प्रश्न खोटा नाही. पण मला फरीद झकेरिया आठवले. औरंगाबादचे आमदार आणि राज्यात मंत्री राहिलेले रफिक झकेरिया, त्यांचा मुलगा. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांनी 'टाइम'मध्ये बंदुकांवर नियंत्रण हवं असं लिहिलं. त्यातला एक परिच्छेद जिल लेपोर यांच्या 'न्यूयॉर्कर'मधल्या लेखावरून उचललेला निघाला. पकडणारे उजव्या गोटातले, बंदुकांच्या बाजूचे. हेतू उघडच होता. तरी झकेरियांनी कटकारस्थान वगैरे म्हटलं नाही, माफी मागितली. 'टाइम' आणि सीएनएनने निलंबित केलं, आठवड्याभरात परत घेतलं. हाताने लिहिलेल्या टिपणांत गफलत झाली, असं त्यांनी नंतर सांगितलं. हे वाचताना माझी वही समोरच होती! २०१४ मध्ये दोन निनावी मंडळींनी त्यांचं जुनं लिखाण उकरून आणखी आरोप केले. एकदा सापडलेल्या माणसाची झडती संपत नाही, आणि झकेरिया आडनाव असेल तर नाहीच.

पण पकडणाऱ्याचा हेतू वाईट म्हणून परिच्छेद माझा होत नाही. तवारुद म्हणावं तर अख्खा परिच्छेद स्वल्पविरामांसकट कोणाला सुचतो?

वाचनालयाच्या सचिवांना फोन केला. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, विसरले सगळे." मी ऐकलं नाही. पुढच्या कार्यक्रमाआधी दोन मिनिटं मागून घेतली, लेखकाचं आणि मासिकाचं नाव वाचलं, चूक माझी म्हणून सांगितलं. मग सच्चरचे आकडेही पुन्हा वाचले. तो तरुण आला नव्हता. काका होते. जाताना जवळ येऊन हळूच म्हणाले, "हे तरी तुम्हीच लिहिलं ना?"