बोंडातले तीन आठवडे

शास्त्राच्या पुस्तकातील शब्दांशी सहसा कुणाची मैत्री जमत नाही. 'ऊती' या शब्दाशी माझी मात्र पहिल्या भेटीतच जमली. संस्कृतात ऊती म्हणजे विणणे. सारख्या घडणीच्या पेशी एकमेकींना बिलगून झाडाची साल, लाकूड, पाणी वर नेणाऱ्या नळ्या विणतात, म्हणून त्या समूहाला हे नाव. आम्ही बुलढाणा जिल्ह्यातली, कपाशीवर वाढलेली माणसे. विणण्याचा शब्द आम्हांला परका कसा वाटावा?

पण खरी मौज पुढेच आहे. ज्याचे एवढे कापड विणले जाते, तो कापूस स्वतः ऊती नव्हेच! सरकीच्या सालीवरची एकेक पेशी एकटीच वाढते आणि तिचाच तंतू होतो. फूल उमलते त्याच सुमारास ती सालीतून डोके वर काढते. झाडाचे शेंडे आणि मुळांची टोके नव्या पेशी घडवून वाढतात. ही मात्र दुभंगत नाही, नुसती लांबते. पोटात पाणी भरून घेते आणि त्या दाबाने तिची कोवळी भिंत पुढे सरकते. तीनएक आठवड्यांत ती इंचभर होते, म्हणजे आपल्या जाडीच्या हजारपटीहून अधिक! मग आतून सेल्युलोजचे थर बसू लागतात. बोंड उकलते तेव्हा ती मरून वाळते, चपटी होते आणि पीळ खाते. त्या पिळामुळेच तंतू तंतूला धरून राहतो आणि सूत निघते.

आमच्याकडे हा फुलांचा हंगाम पोळ्याच्या आगेमागे सुरू होतो. शेती कोरडवाहू. पावसाने दडी मारली की पराटी पाती गाळते, आणि उरलेल्या बोंडांतल्या पेशींना फुगायला पाणी मिळत नाही. माझ्या लहानपणी एका साली असेच झाले. वडील धुऱ्यावर उभे राहून तासन् तास आभाळ पाहत. दसऱ्यानंतर पहिला वेचा झाला आणि गाडी खामगावला गेली. हे कापसाचे नावाजलेले पेठगाव. कापसासाठीच तिथवर आलेला आगगाडीचा फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने खुला केला होता. व्यापाऱ्याने चिमूटभर कापूस बोटांत धरून ओढला आणि म्हटले, "धागा आखूड हाय, भाऊ." भाव उतरला. त्या दिवाळीला आम्हां भावंडांना नवे कपडे आले नाहीत. आई गप्प होती. वडील एवढेच म्हणाले, "झाडाचं काय चुकलं? त्याच्यापाशी होतं तेवढं त्यानं देल्लं."

पुढे कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू पाहिला : पीळ पडलेली एक फीत, बस्स! तंतूची लांबी वाणावर ठरते हे खरे. पण वाणाने दिलेले वचन पाणी नसेल तर अपुरे राहते. आमचे ते सगळे वर्ष काही मिलिमीटरांत हरले होते.

देवापुढच्या वातीत अशा हजारो पेशी असतात. जिवंतपणी पाणी ओढून त्या वाढल्या. आता त्यांच्यामधल्या फटींतून तेल वर चढते. यंदा वाती वळताना थोडा कापूस चिमटीत ओढून पाहा. तंतू चांगला लांब निघाला, तर कुणाच्या तरी शेतावर पाऊस बहुधा वेळेवर आला असेल.