लाल उजेड

खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कमध्ये ‘मिस्टर इंडिया’ या सिनेमाची राइड आहे. समोर भलामोठा पडदा, पडद्यावर खलनायक मोगॅम्बोचं जग आणि चित्राच्या तालावर हिसके देणाऱ्या खुर्च्या. काही मिनिटांत सगळं आटोपतं. माझे बाबा त्या राइडमध्ये एकदाच बसले. आता ते नाहीत. पण त्यांची आठवण आली की मला आधी तिथल्या रांगेत उभे असलेले बाबाच दिसतात, कान देऊन ऐकणारे.

बाबा मूळचे भंडारा जिल्ह्यातले. पोटापाण्यासाठी भिलाईला आले आणि स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये हायड्रॉलिक्सच्या देखभालीवर लागले. निवृत्त झाल्यावर सेक्टरमधलं क्वार्टर सोडलं आणि नेहरू नगरात घर बांधलं. पण १९८७ साली, ‘मिस्टर इंडिया’ आला तेव्हा, आम्ही क्वार्टरमध्येच होतो. सिनेमात अदृश्य झालेला नायक अरुण फक्त लाल उजेडात दिसतो, आणि लाल उजेडाची आमच्या गावात काय कमी! रात्री प्लांटमध्ये वितळलेला स्लॅग ओतला की अर्धं आकाश तांबडं व्हायचं. सिनेमा पाहिल्यापासून आकाश उजळलं की मी खिडकीशी धावायची. बाबा सेकंड शिफ्टहून दमून आलेले असत, तरी माझ्या शेजारी येऊन उभे राहत आणि विचारत, “दिसला का?” त्या विचारण्यात चेष्टा नसे. तेही बाहेर पाहत असत.

तो सिनेमा करणाऱ्यांनी त्यात जीव ओतला होता. संगणकाची मदत नसताना पीटर परेरा यांनी कॅमेऱ्यातल्या करामतींवर माणूस गायब केला, हनुमानाची मूर्ती हवेत उचलली. संकलन वामन भोसले आणि गुरुदत्त शिराळी यांचं. न दिसणारा माणूस खोलीत वावरतोय हे कापाकापीतून पटवायचं, याला किती सराईत हात लागत असेल!

योगायोग असा की त्याच १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ‘स्टार टूर्स’ सुरू झाली. वैमानिकांना शिकवण्यासाठी बनवलेलं सिम्युलेटर तिथे सिनेमाच्या गोष्टीला जोडलं गेलं, आणि पुढे जगभर अशा राइड निघाल्या. इमॅजिका उघडलं २०१३ मध्ये. ते उभं केलं मनमोहन शेट्टींनी. १९७८ साली फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेपासून ज्यांचं अ‍ॅडलॅब्ज सुरू झालं, त्यांना करमणुकीच्या बागेत एक हिंदी सिनेमा असावा असं वाटलं, यात मला मोठं औचित्य दिसतं. आणि तो सिनेमाही त्यांनी नेमका निवडला.

मी लग्नानंतर पनवेलला आले. आई-बाबा भिलाईहून आले असताना मुलांच्या हट्टापायी आम्ही सगळे इमॅजिकाला गेलो. आईने बाहेर बाकावर बसणं पसंत केलं. बाबा मात्र रांगेत. आतून दर खेपेला येणारा घरघराट ऐकून त्यांचा चेहरा बदलला. ते नातवाला समजावू लागले, “खुर्ची मांग झुकवली का आपल्याले वाटते गाडी सुसाट पळून राहिली. गाडी जागची हलत नाही, बाबू.” आणि ते खरंच तसं असतं. खुर्ची मागे कलली की आपलंच वजन पाठीवर रेलतं, समोर पडद्यावर रस्ता धावत असतो, आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव त्याला वाढता वेग समजतो. बाबांनी जन्मभर तेलाच्या दाबावर लोखंड हलवलं होतं. इथे तशाच कामातून माणसं हसत होती, किंचाळत होती. बाहेर आल्यावर मुलं मोगॅम्बोच्या गप्पांत, आणि बाबा म्हणाले, “ज्यानं हे जुळवलं त्याचा हात पाहाले पायजे.”

मला मात्र तिथे काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं होतं. ‘मिस्टर इंडिया’ म्हणजे नुसता मोगॅम्बो नाही. थकलेलं भाडं, उपाशी झोपणारी अनाथ पोरं, आणि खेळण्यात ठेवलेल्या बॉम्बने मरणारी चिमुकली टीना, हेही त्यात आहे. टीना गेली तेव्हा अंधाऱ्या टॉकीजमध्ये बाबांनी माझा हात घट्ट धरला होता. राइडला प्रत्येकाला हसतखेळत खाली उतरवायचं असतं, तिच्यात मरणाला जागा कुठली? तो तिचा दोष मी मानत नाही. पण सिनेमा पुन्हा लागला की टीना मरते आणि राइड पुन्हा सुरू झाली की सगळे वाचतात, हा फरक बाबा गेल्यावर मला फार बोचतो.

मोगॅम्बो साकारणारे अमरीश पुरी पार्क उघडण्याच्या आठ वर्षं आधी, २००५ मध्येच गेले होते. पुढे २०१८ मध्ये सिनेमाची नायिका श्रीदेवी गेल्या, २०२१ मध्ये वामन भोसले, २०२३ मध्ये पोरांना रांधून घालणारे ‘कॅलेंडर’ सतीश कौशिक. पार्कनेही वाईट दिवस पाहिले. कर्ज वाढत गेलं, कोविडमध्ये फाटकं बंद राहिली, आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते हाती घेतलं. ते सावरलं याचं मला मनापासून बरं वाटलं.

नेहरू नगरच्या घरी बाबांच्या खोलीत त्यांचे पाने, गेज आणि मिलच्या डायऱ्या आईने जागच्या जागी ठेवल्या आहेत. डायऱ्यांत घरचं काही नाही. सील बदललं, दाब किती होता, पंप कधी उघडला, एवढंच.

तुम्ही खोपोलीला जाणार असाल तर आधी मुलांना घरी ‘मिस्टर इंडिया’ पूर्ण दाखवा, टीनाचा प्रसंग न वगळता. आणि घरातलं कुणी आयुष्यभर यंत्रांवर राबलं असेल, तब्येत साथ देत असेल, तर त्यांना बाहेर बाकावर बसवून ठेवू नका. रांगेत सोबत घ्या, आणि ते काय सांगतात ते ऐका.